सात नंबरची चिठ्ठी

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू दोन पावलं मागे सरला असशील. साहजिक आहे, कुणीही सरलं असतं. पण पाकीट फोडलंयस ना, मग आता उभ्याउभ्या वाचू नकोस. खाली बस. फोन उचलून दुसऱ्या खोलीत ठेवून ये आणि पत्र संपेपर्यंत दोन्ही हात कागदावर राहू देत. एवढं थोरल्या बहिणीचं ऐक. लहानपणी ऐकायचा नाहीस, त्याची भरपाई म्हणून ऐक.

आज तू दाढी केली नसशील. समोरचा चहा गार होऊन त्यावर साय धरली असेल. फोन पालथा ठेवून दर पाच मिनिटांनी उलटून बघत असशील, आणि तोंडातल्या तोंडात एक आकडा म्हणत असशील. मी तुझ्यावर पाळत ठेवलेली नाही. बाजार पडला की तू काय करशील हे मला जितकं ठाऊक आहे तितकं तुझ्या बायकोलाही ठाऊक नसेल, कारण हे सगळं करताना मी दुसऱ्या एका माणसाला पाहिलंय. आईने जमवलेलं आणि मी राखलेलं सगळं आता एकट्या तुझ्या सहीवर आहे. एक बोट टेकवलंस की विकून मोकळा. ते बोट टेकवण्याआधी मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. चार वर्षं मी ती तुझ्यापासून लपवली. पत्रावर तारीख नाही, ती विसरले म्हणून नव्हे, मुद्दाम घातलेली नाही. का, ते शेवटी.

आधी बाबा. त्यांचं वजनकाट्यांच्या दुरुस्तीचं दुकान तुला आठवत असेल. मी पंधराची, तू नऊचा. एक गिऱ्हाईक काटा दुरुस्त करायला आलं आणि जाता जाता बाबांच्या कानात काचेच्या कारखान्याचं नाव सांगून गेलं. ज्या माणसाने आयुष्यभर काटा स्थिर झाल्याशिवाय वजन वाचलं नाही, त्याने त्या एका वाक्यावर दुकानाची निम्मी शिल्लक त्या कारखान्याच्या शेअरमध्ये घातली. शेअर म्हणजे काय, कारखाना काय करतो, नफा होतो की तोटा, काही म्हणून विचारलं नाही. आठ महिने भाव चढला. आपल्याकडे नवा रेडिओ आला, तुला बूट आले, बाबा आंघोळ करताना गायला लागले. मग भाव पडायला लागला आणि अकराव्या दिवशी, सगळ्यात खालच्या भावाला, बाबांनी सगळं विकून टाकलं.

इथवर तुलाही माहीत आहे. पण त्यानंतरचं आपण दोघं कधी बोललो नाही. विकल्यावरही बाबा रोज सकाळी पेपरातलं ते बारीक आकड्यांचं पान उघडायचे, बोट खाली खाली सरकवत न्यायचे आणि मोठ्याने वाचायचे, "काचवाली, एकोणऐंशी." बस्स, दिवसभरात तेवढंच बोलायचे. पुढच्या वर्षी, "काचवाली, एकशे बारा." आपल्याकडे त्या कारखान्याचा एक कपटाही उरला नव्हता आणि भाव चढतच होता. सहा वर्षं, धाकट्या. तू दाराच्या चौकटीला गाल लावून उभा राहायचास आणि त्यांच्या पाठीकडे बघायचास. एकदा ते पान कात्रीने कापून गादीखाली लपवलंस. बाबांनी त्या दिवशी कापलेल्या चौकोनातून बोट खाली नेलं आणि तरीही एक आकडा वाचला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मागच्या दिवशीचा भाव दिलेला असायचा, तो मी पाहिला. आकडा बरोबर होता. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

बाबा गेल्यावर शेअर ह्या शब्दाला आपल्या घरात बंदी होती. तू तर कानाला खडाच लावलास. म्हणून सहासष्टाव्या वर्षी आईने जेव्हा मला सांगितलं की ती दर शनिवारी वाचनालयात गुंतवणूक शिकायला जाणार आहे, तेव्हा माझ्या हातातली गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काच खाली पडता पडता वाचली. कारण विचारलं तर शर्टाचं काज शिवता शिवता मान वर न करता म्हणाली, "ज्याने ह्यांना गिळलं, त्याचं तोंड मला एकदा उजेडात बघायचंय."

वाचनालयाच्या वाचनकक्षात दर शनिवारी सकाळी दहाला आठ-नऊ जण जमायचे. शिकवणारे मास्तर विमा कंपनीतून निवृत्त झालेले, सतत "सबुरी, सबुरी" म्हणायचे, म्हणून त्यांचं नावच सबुरीमास्तर पडलं होतं. त्यांची पद्धत अशी. प्रत्येकाला एक नंबर आणि सुरुवातीला खोटे दहा हजार. फळ्यावर खऱ्या बारा कंपन्यांची यादी, पण नावाने कुणी बोलवायचं नाही. साबणवाली, सिमेंटवाली, औषधवाली, जहाजवाली. शनिवारी आल्यावर आपापली चिठ्ठी लिहायची, काय घ्यायचं, काय विकायचं, आणि खाली एका ओळीत कारण. कारण नसेल तर चिठ्ठी बाद. ती झाकणाला खाच पाडलेल्या बिस्किटांच्या डब्यात टाकायची आणि मगच मास्तर फळ्यावर त्या आठवड्याचे भाव लिहायचे. आधी ठरवा, मग बघा. भाव बघून ठरवणारा माणूस स्वतः ठरवत नाही, असं त्यांचं म्हणणं.

आईचा नंबर सात. ती पहिल्याच दिवशी मास्तरांना विचारून बसली, शेअर घेतला म्हणजे मी मालकीण ना, मग साबणाच्या कारखान्यात जाऊन कामगारांना जेवायला किती वेळ देता ते विचारू शकते का? सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. आई लवकर शिकली. जे आपल्याला कळत नाही ते घेऊ नये. सगळं एकाच कंपनीत घालू नये. पाच-सात वर्षांत लागणारे पैसे इथे आणूच नयेत. तिने खऱ्या पैशांचंही सुरू केलं. काज-बटणांच्या कमाईतून दर महिन्याला ठरावीक रक्कम अशा एका योजनेत, जी सगळ्याच मोठ्या कंपन्यांचा थोडा थोडा हिस्सा घेऊन ठेवते. "सगळ्यांचं थोडं थोडं," असं ती म्हणायची, शेजारणींची विचारपूस केल्यासारखं. फळ्यावर काचवालीही होती. तिला आईने शेवटपर्यंत हात लावला नाही. तिच्या एका चिठ्ठीवरचं कारण मास्तरांनी जपून ठेवलं होतं. "काचवाली नको. तिचा दोष नाही. पण तिचा भाव मला अजून मोठ्याने ऐकू येतो."

ती गेली तेव्हा तू चार दिवस आलास आणि गेलास. मी घरात एकटी. पंधरा दिवसांनी शनिवार आला आणि पाय आपोआप वाचनालयाकडे वळले. तिची खुर्ची रिकामी होती, तीत बसले. मास्तरांनी वहीत बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "खुर्ची तीच, तर नंबरही तोच राहू दे." त्यांनी ते मायेने केलं. पण त्यामुळेच पुढचं सगळं घडलं, किंवा घडलेलं मला दिसलं.

तिसऱ्या शनिवारी मास्तर चिठ्ठ्या वाचत होते. सात नंबर, सिमेंटवाली दोन घ्या, कारण रस्ते होतायत. ती माझी, अगदीच बाळबोध. मग त्यांनी डब्यातून आणखी एक काढली, चष्मा वर केला आणि वाचली. "सात. सगळ्यांचं थोडं थोडं, नेहमीइतकं. कारण: महिना बदलला, मी नाही." एका माणसाने दोन चिठ्ठ्या टाकायच्या नसतात, असं ते मला म्हणाले. मी हात पुढे केला. धाकट्या, अक्षर आईचं होतं. तो वरून न जोडलेला 'स', काज घालताना दोरा ओढावा तशी लांब ओढलेली मात्रा. कागदाला शिलाईयंत्राच्या तेलाचा वास आणि कोपऱ्यात टाचणीची दोन बारीक भोकं. आई कुठलाही कागद टाचल्याशिवाय ठेवायची नाही. वाटलं, जुनी चिठ्ठी डब्याच्या तळाला चिकटून राहिली असेल. मास्तरांनी डबा उलटा केला, थापटला, आतून रुमालाने पुसला. काही नव्हतं.

पुढच्या शनिवारी पुन्हा आली. त्याच्या पुढच्याही. दर वेळी मजकूर साधारण तोच, कारण मात्र वेगळं. एका शनिवारी आमच्यातला निवृत्त कंडक्टर जहाजवालीने त्याला महिन्यात किती दिलं ह्याच्या बढाया मारत होता, सगळे चेकाळले होते, खोटे पैसे असूनही जो तो आपापल्या जहाजात बसलेला. सातची दुसरी चिठ्ठी निघाली. "आज तुम्ही फार हसताय. खिडकी उघडा." कंडक्टर उठला आणि त्याने खरंच खिडकी उघडली. मग तो माझ्यापासून एक खुर्ची सोडून बसायला लागला.

आधी मला वाटलं कुणीतरी चेष्टा करतंय. मी कंडक्टरवर संशय घेतला, त्याला भलतंसलतं बोलले, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी नऊ वाजताच जाऊन डब्यासमोर बसायला लागले. एकेक माणूस यायचा, चिठ्ठी टाकायचा, मी मोजायची. वाचनालयाच्या बाई येऊन टेबलं पुसून जायच्या, डब्यावरूनही फडकं फिरवायच्या. माझ्यासकट आठ माणसं, आठ चिठ्ठ्या. आणि डबा उघडला की नऊ. खरं सांगू का, भीतीपेक्षा जास्त ओढ वाटायची. मी शनिवारची वाट बघायची. आई काय म्हणेल, ह्याची.

एका शनिवारी माझं काही खरं नव्हतं. आदल्या दिवशी तिचं कपाट रिकामं केलं होतं, आणि वर्गात मास्तरांनी साबणवालीचं नाव काढलं तशी मी सगळ्यांसमोर रडायला लागले. बाईंनी पाणी आणून दिलं. त्या दिवशीची चिठ्ठी मास्तरांनी वाचली नाही, घडी घालून माझ्या हातात ठेवली. "रडून झालं की चष्मा पूस. धूसर दिसतं म्हणून काही विकायचं नसतं." मी एकतीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काचा घासते आहे. दिवसाला वीस माणसांना चष्मा पुसा म्हणून सांगते. मला ते सांगणारं माणूस सात महिन्यांपूर्वी गेलं होतं आणि मी तासाभरापूर्वी रडले होते.

मग बाजार पडला. तुला आठवतं, तू मला रोज फोन करायचास आणि आईचं सगळं काढून घे म्हणायचास. मी हो म्हणत होते. पहिल्या शनिवारी मास्तरांनी भाव लिहिले तेव्हा खडू दोनदा मोडला. फळ्यावर एकही आकडा मागच्या आठवड्याच्या वर नव्हता. खोट्या पैशांचा वर्ग, पण सगळ्यांचे खरे पैसेही कुठे ना कुठे होतेच. कुणी कुणाकडे बघेना. मी चिठ्ठी लिहिली होती, "सगळं विका." आणि पर्समध्ये खरा अर्जही होता, भरलेला, सही केलेला. वर्ग सुटल्यावर तो देऊन यायचा असं ठरवून मी घरून निघाले होते. मास्तर चिठ्ठ्या वाचत गेले. विका, विका, निम्मं विका, विका. शेवटी सातची दुसरी. ती वाचताना ते उभे होते ते खाली बसले.

"नेहमीच्या दुप्पट घ्या. कारण: आज तुम्हा सगळ्यांचे चेहरे ह्यांच्यासारखे झालेत. मी तो चेहरा सहा वर्षं समोर बसून पाहिला आहे. तो घरी नेऊ नका."

मास्तर धरून खोलीत आठ बाबा बसले होते, धाकट्या. मी एकेकाकडे बघितलं आणि मला खरंच बाबा दिसले. तोच खाली लटकलेला ओठ, तीच मांडीवर आपोआप खाली सरकणारी बोटं. समोरच्या कपाटाच्या काचेत मी मला पाहिलं. मी नववी होते.

तो अर्ज मी दिला नाही. पुढच्या दोन शनिवारी भाव आणखी पडले, आणि दोन्ही वेळा चिठ्ठीत दुप्पटच लिहिलेलं होतं. मी माझ्या पगारातून जमेल तेवढी भर घातली. तुला खोटं सांगितलं की काढून घ्यायची प्रक्रिया चालू आहे. भाव पहिल्या जागी यायला चौदा महिने लागले. दर वेळी चौदाच लागतील असं मी म्हणत नाही, जास्तही लागतील. पण ते तीन आठवडे सोडले तर मला त्या पैशांची भीती अशी कधी वाटली नाही.

आता त्या चिठ्ठ्यांचं. तिसऱ्या दुप्पटीनंतर मी सगळ्या चिठ्ठ्या दुकानात नेल्या. काचेवरचा ओरखडा शोधतो त्या भिंगाखाली एकेक बघितली. शाई एकच, दौत एकच. मग सहज त्या एकावर एक रचल्या आणि उजेडाकडे धरल्या. टाचणीची भोकं तंतोतंत जुळत होती. पहिल्या चिठ्ठीपासून शेवटच्या चिठ्ठीपर्यंत आरपार उजेड दिसला. म्हणजे ह्या सगळ्या एकाच वेळी, एकाच गठ्ठ्यात टाचल्या गेल्या होत्या. आईने मरणानंतर एकही चिठ्ठी लिहिलेली नव्हती. तिने सगळ्या आधीच लिहून ठेवल्या होत्या. आणि प्रत्येक चिठ्ठीला, तेलाच्या वासाखाली, पुस्तकं चिकटवायच्या खळीचा वास होता.

मी तडक वाचनालयात गेले. बाईंनी मला बघितलं आणि काही न विचारता खणातून चार पाकिटं काढून टेबलावर ठेवली. टेबल पुसताना फडक्याआडून त्याच चिठ्ठी टाकायच्या. आईने आजार कळल्यावर, आपल्यापैकी कुणाला सांगायच्या आधी, ही पाकिटं त्यांना आणून दिली होती. पाकिटांवर तिच्या अक्षरात लिहिलं होतं. एकावर 'नेहमीचा शनिवार'. एकावर 'सगळे हवेत असतील तर'. एकावर 'सगळे घाबरलेले असतील तर'. चौथ्यावर 'माझी मुलगी रडली तर'. आई भविष्य जाणत नव्हती. तिने फक्त शांत असताना ठरवून ठेवलं होतं, घाबरल्यावर काय करायचं ते. कारण घाबरल्यावर माणूस ठरवू शकत नाही, हे ती आपल्याच स्वयंपाकघरात शिकली होती.

एवढं कळल्यावर मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण मी ते 'घाबरलेले' पाकीट उघडून बघितलं तर रिकामं होतं. बाईंना विचारलं, ह्यात किती होत्या? म्हणाल्या, तीन. बाजार तीनच शनिवार पडला, चौथ्याला वळला. नेहमीच्या शनिवारांच्या चिठ्ठ्या ढीगभर आणि ह्या मोजून तीन. आईने तीनच का लिहिल्या, ह्याचं उत्तर ना बाईंकडे होतं, ना माझ्याकडे आहे. कापलेल्या पानातून बाबांनी वाचलेल्या आकड्याशेजारी मी तेही ठेवून दिलंय.

आता तारखेचं. मी हे लिहिते आहे तेव्हा बाजार उत्तम चालला आहे. कंडक्टर परवाच भेटायला येऊन गेला, त्याची जहाजवाली पुन्हा वर आहे आणि तो फार हसत होता, मी त्याला खिडकी उघडायला लावली. दुपारचे तीन वाजलेत. तू पलीकडच्या खोलीत झोपला आहेस. तुझं घोरणं मला इथवर ऐकू येतंय, बाबांसारखंच आहे, शेवटी एक शीळ. तीन आठवडे झाले तू माझ्यासाठी रजा काढून आलायस, माझ्या गोळ्यांच्या वेळा तुला माझ्यापेक्षा पाठ आहेत, आणि डॉक्टरांनी तुला बाहेर नेऊन जे सांगितलं ते तू मला सांगितलेलं नाहीस. मला तुझ्या आधीच माहीत होतं. आईला होतं तेच आहे. तू उठायच्या आत मला हे संपवून पाकिटात घालायचं आहे. संध्याकाळी बाई पुस्तकं बदलून द्यायला येतील, त्यांच्याकडे देईन. पाकिटावर लिहिलंय, 'सगळे घाबरलेले असतील तर'. टपालात कधी टाकायचं ते त्या वाचनकक्षातले चेहरे बघून ठरवतील. म्हणजे तू हे वाचतोयस तेव्हा बाजार पडलेला आहे, आणि मी नाही. मी तुला भीती घालायला आलेले नाही रे. तू झोपेत इतका शांत दिसतोस की ह्या घटकेला जो तू आहेस त्याच्या वतीने मी त्या घाबरलेल्या तुला लिहितेय. तुझ्या लेकीच्या, ठमीच्या शाळेचे पैसे आणि वर्षभराचा घरखर्च मी वेगळा काढून बँकेत ठेवलाय, कागद आईच्या यंत्राच्या खणात आहेत. तुला ह्या पैशांची आज गरज नाही, फक्त भीती वाटतेय. अशी आणखी पत्रं आहेत का आणि किती आहेत ते बाईंना विचारू नकोस, सांगायचं नाही असं मी त्यांना बजावणार आहे. तुझी फार आठवण येईल असं लिहिणार होते, पण माझ्या बाबतीत ते कितपत खरं ठरेल कोण जाणे, म्हणून आत्ताच सांगते, आत्ता येतेय, तू पलीकडच्या खोलीत असताना. आता कागद खाली ठेव आणि मान वर कर. ठमी दाराच्या चौकटीला गाल लावून तुझ्या पाठीकडे बघत उभी असेल. तिला आत बोलव.

तुझीच,
ताई